‘मानसिक इजा’: या दोन शब्दांवर तुमची सही आहे

प्रति,
१९४८ च्या वंशसंहारविरोधी करारावर सही केलेल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बसणाऱ्या सर्व देशांचे प्रतिनिधी

स.न.वि.वि.

९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तुमच्या आधीच्या पिढीने जो करार संमत केला, त्याच्या दुसऱ्या कलमात वंशसंहाराचे पाच प्रकार दिले आहेत. पहिला ठार मारण्याचा. तो सगळ्यांना पाठ असतो. दुसरा असा: त्या गटातल्या माणसांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं. हे पत्र त्यातल्या ‘मानसिक इजा’ एवढ्या दोन शब्दांपुरतंच आहे.

मी पेशाने समुपदेशक आहे. वकील नाही, मुत्सद्दी तर नाहीच. माझ्यासमोर येऊन बसणारी माणसं वंशसंहारातून वाचलेली नसतात. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाचा मुलगा गेलेला असतो. पण घरातलं एखादं मरण, ज्याबद्दल कधीच कुणी बोललं नाही, ते नातवंडांच्या झोपेपर्यंत कसं पोचतं, हे मी बघत आले आहे. न्यायाधिकरणांचे निकाल मी त्याच नजरेने वाचायला लागले. एका घराचं असं होतं, तर ज्या लोकांमध्ये असं न झालेलं घरच सापडत नाही त्यांचं काय होत असेल? आणि ज्यांनी हे केलं ते शेजारच्याच गल्लीत राहत असतील तर?

आमच्या मराठीत वर्तमानपत्रं सरसकट ‘नरसंहार’ छापतात. मला ‘वंशसंहार’ जास्त बरोबर वाटतो. १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवणाऱ्या राफाएल लेमकिनचे ४९ नातेवाईक मारले गेले होते. त्याला पुष्कळ माणसं मेली एवढंच सांगायचं नव्हतं. ‘हे लोकच नकोत’ असं ठरवून जे केलं जातं, त्याला नाव हवं होतं. आणि ‘हे लोकच नकोत’ हे वाक्य मेलेल्याला ऐकू येत नाही, वाचलेल्याला येतं. ते तो जन्मभर ऐकत राहतो.

आता तुमच्या सहीकडे वळते. हे दोन शब्द तुम्हाला पहिल्यापासून अवघड गेले. अमेरिकेने सही १९४८ मध्येच केली, पण मान्यता द्यायला १९८८ उजाडलं, आणि तेव्हाही सोबत एक खुलासा जोडला: मानसिक इजा म्हणजे अमली द्रव्यं, छळ किंवा तशाच उपायांनी बुद्धीची झालेली कायमची हानी. पोरगा डोळ्यांदेखत गेला आणि त्यानंतर तीस वर्षं आईला धड झोप नाही, तर ती आई या व्याख्येत कुठे बसवायची ते मला कळलेलं नाही. रवांडासाठीच्या न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी तबा गावचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याला दोषी ठरवलं, तेव्हा मात्र न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं की इजा कायमची आणि न भरून येणारी असलीच पाहिजे असं नाही. बलात्कारानेही वंशसंहार होऊ शकतो, हेही त्याच निकालात पहिल्यांदा आलं. निकालाने अकायेसूचं काय करायचं ते ठरवलं. ज्यांना इजा झाली त्यांचं काय करायचं याबद्दल तुमचा करार गप्प आहे. त्याच्या नावात प्रतिबंध आहे, शिक्षा आहे, आणि तिथेच ते नाव संपतं.

एका देशाने हे पुढचं काम कायद्यात बसवून पाहिलं होतं. ती हकीकत तुमच्यापैकी फारशी कुणाला माहीत नसावी, म्हणून जरा सविस्तर सांगते. पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये नाझी छळातून वाचलेल्यांसाठी भरपाईचा कायदा केला. तब्येतीच्या नुकसानीबद्दल पेन्शन हवी असेल, तर कमावण्याची ताकद किमान २५ टक्क्यांनी घटली आहे आणि ती छळामुळेच घटली आहे, हे डॉक्टरांच्या दाखल्याने सिद्ध करायचं. डोळ्यांसमोर आणा. एक माणूस खुर्चीच्या कडेवर बसलाय. समोर तपासणीचा डॉक्टर, बहुधा जर्मन बोलणारा. झोप लागते का? भूक? लहानपणी काही आजार? घराण्यात कुणाला मनाचा विकार होता का? हे विचारायचं कुणाला, घराण्यातलं कुणी उरलेलंच नाही. मग डॉक्टर शेरा लिहितो: हाडं जुळली आहेत, वजन भरलं आहे, बाकीच्या तक्रारी या व्यक्तीच्या मूळ प्रकृतीतल्याच. तेव्हाच्या वैद्यकाचा असा समज होता की धडधाकट प्रकृतीचा माणूस कितीही मोठ्या धक्क्यातून थोड्या दिवसांत सावरतो, आणि न सावरला तर खोट त्याच्यातच होती. असे शेरे मारून कितीतरी अर्ज फेटाळले गेले.

याला वैतागून न्यूयॉर्कमधले मनोविश्लेषक कुर्ट आइस्लर यांनी १९६३ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच एक प्रश्न आहे: स्वतःची किती मुलं मारली गेलेली माणसाने कुठलंही लक्षण न दाखवता सहन केली, म्हणजे त्याची प्रकृती सर्वसाधारण म्हणायची? त्याच सुमाराला विल्यम नीडरलँड हे दुसरे डॉक्टर असेच अर्जदार तपासत होते. ‘मी का वाचलो’ हा अपराधीपणा, रात्रीची स्वप्नं, कशातच न रमणं, सतत कानोसा घेत राहणं, या सगळ्याला त्यांनी एकत्र नाव दिलं, वाचलेल्यांचा लक्षणसमूह. १९६५ मध्ये कायदा दुरुस्त झाला. एक वर्ष वा त्याहून जास्त काळ छळछावणीत काढलेल्या माणसाची तब्येत छळामुळेच बिघडली असं गृहीत धरायचं ठरलं. पुरावा मागणारा कारकून तेवढ्यापुरता बाजूला झाला. मधल्या नऊ वर्षांत दारातून परत गेलेले किती, ते तुम्हीच अंदाजा.

हा कारकून मेला असेल असं वाटलं होतं. नाही मेला. इराकमधल्या याझिदी या छोट्या धर्मसमाजावर ३ ऑगस्ट २०१४ ला सिंजारमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने जे सुरू केलं, त्यातून वाचलेल्या स्त्रियांसाठी इराकने मार्च २०२१ मध्ये कायदा केला. दरमहा भत्ता, घर, उपचार, सगळं कागदावर आहे, आणि कायदा खरोखर चांगला आहे. पुढे अर्ज तपासणाऱ्या समितीने फौजदारी तक्रार दाखल केल्याची कागदपत्रं मागायला सुरुवात केली. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या बाईने आधी चौकीत जाऊन सगळं सांगायचं, लिहून घ्यायचं, शिक्का आणायचा, मग भत्ता. तुमच्या कुठल्याही ठरावापेक्षा १९६५ ची ती दुरुस्ती मला मोठी वाटते. त्यात एकच गोष्ट मान्य केली होती: इजा झाली आहे हे धरून चालू, नाही झाली असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते सिद्ध करावं.

इजा म्हणजे नक्की काय, हे विचारायचं तर ज्यांना झाली त्यांच्या भाषेत विचारावं लागतं. रवांडात १९९४ नंतर ‘इहाहामुका’ हा शब्द रूढ झाला. फुप्फुसं जागेवरच नसल्यासारखा श्वास कोंडणं, भीतीने दम लागणं, असा काहीसा त्याचा भाव. दरवर्षी ७ एप्रिलला स्मरणकाळ सुरू होतो. किगालीच्या स्टेडियममध्ये हजारो लोक शांत बसलेले असतात, कुणीतरी साक्ष सांगत असतं, आणि एकदम वरच्या रांगेतून किंकाळी येते. मग दुसरीकडून एक. स्वयंसेवक धावतात, हातपाय झाडणाऱ्या बाईला चौघेजण उचलून बाहेर नेतात, साक्ष पुढे चालू राहते. तिथल्या लोकांना त्याची सवय आहे. कंबोडियात ‘बाक्सबात’ म्हणतात. हिंमतच मोडणं, पुन्हा कधी उभं न राहता येणं. हा शब्द वाचला तेव्हा मला आमचं ‘हाय खाणं’ आठवलं. ‘त्याने हाय खाल्ली’ म्हटलं की पुढे काय झालं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तुमच्या मदतयंत्रणा मात्र वीस प्रश्नांची छापील यादी घेऊन जातात, आणि ‘हाय खाल्ली का’ हा प्रश्न त्यात नसतो.

तरी त्या याद्यांतून निघालेले आकडेही पुरेसे बोलके आहेत. रवांडाच्या २०१८ च्या मानसिक आरोग्य पाहणीत आघातोत्तर विकाराचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत ३.६ टक्के निघालं, वंशसंहारातून वाचलेल्यांत २७.९ टक्के. चोवीस वर्षांनंतर.

इथे एक गोष्ट कडेला ठेवते. हल्ली ‘आघात जनुकांतून पुढच्या पिढीत उतरतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, तुमच्या भाषणांतही. ज्या संशोधनाच्या जोरावर ते सर्वांत जास्त पसरलं, त्यात ३२ वाचलेले लोक आणि त्यांची २२ मुलं होती. एवढ्यावर एवढी मोठी इमारत उभारू नका. २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा, उपचारासाठी न आलेल्या सर्वसाधारण कुटुंबांतली वाचलेल्यांची मुलं इतरांपेक्षा जास्त आजारी दिसली नव्हती. ही मुलं मोडकी नसतात. त्यांना वारशाने येतं ते दुसरंच: कुठले प्रश्न विचारायचे नाहीत याची शिस्त, दाराच्या कडीकडे जाणारी नजर, आणि ‘त्या’ लोकांबद्दलचं एक वाक्य, जे जेवताना कधीतरी बोललं जातं. त्यावर जनुकशास्त्राचा इलाज नाही.

आता बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. जुलै १९९५ मध्ये तिथे बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात मारणाऱ्यांनी सामूहिक कबरी बुलडोझरने उकरून प्रेतं ट्रकांतून दूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकली, पुरावा मिळू नये म्हणून. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी, कित्येक किलोमीटर अंतरावर सापडतात. २००१ पासून डीएनए जुळवून जवळपास ७,००० जणांची ओळख पटली आहे. हे आकडे तुम्हाला माहीत असतात. त्यामागचा फोन माहीत नसतो. तुमच्या मुलाची ओळख पटली, असं एक दिवस आईला कळतं. म्हणजे काय सापडलं? मांडीचं एक हाड, काही बरगड्या. पुरायचं का बाकीचं सापडेपर्यंत थांबायचं, हे तिने ठरवायचं. ११ जुलैला पोटोचारीच्या स्मारक-दफनभूमीत तिने ते पुरलं. चार वर्षांनी पुन्हा फोन, आणखी एक हाड जुळलं आहे, कबर उघडायची का? हे प्रत्यक्षात घडत आलं आहे, आणि एकदोघींच्या बाबतीत नव्हे.

त्या सर्ब सैन्यातला जनरल क्रस्तिच याच्यावरच्या २००१ च्या निकालात या बायकांबद्दल तीन-चार परिच्छेद आहेत. तुझला शहरात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की या त्रासाला आम्ही आता ‘स्रेब्रेनित्सा सिंड्रोम’च म्हणतो, कारण आपल्या माणसाचं काय झालं हेच यांना कळलेलं नाही. बेपत्ता नवऱ्याची बायको धड सधवा नाही, विधवा नाही, घटस्फोटित नाही. कुठल्याच रकान्यात ती बसत नाही. एका आईने कोर्टात सांगितलं होतं की सैनिकांनी हातातून ओढून नेलेला तिचा लहान मुलगा रोज स्वप्नात फुलं घेऊन येतो, म्हणतो आई, मी आलो. ती विचारते, कुठे होतास रे इतके दिवस? तो जवळच्याच एका गावाचं नाव सांगतो, तिथेच होतो म्हणतो.

अशा बाईला समुपदेशनाच्या आठ बैठका देऊन भागत नाही. तिचा उपचार प्रयोगशाळेत आहे, खड्ड्याचा पत्ता माहीत असलेल्या निवृत्त ट्रक ड्रायव्हरच्या तोंडात आहे. मी या धंद्यातली असून सांगते, तिथे माझ्यासारख्यांपेक्षा हाडं ओळखणारा माणूस जास्त कामाचा. माहिती दडवून ठेवणारा मात्र रोज नव्याने इजा करत असतो. तुमच्या कलमाच्या भाषेत मानसिक इजा.

आणि त्या बाईचे शेजारी? २३ मे २०२४ रोजी ११ जुलै हा स्रेब्रेनित्साचा स्मरणदिन म्हणून पाळावा, असा ठराव तुमच्या आमसभेत आला. न्यायालयांनी जे कधीच सिद्ध धरलं होतं, तेवढंच त्यात होतं. बाजूने ८४, विरोधात १९, तटस्थ ६८. पोटोचारीतल्या बाईने हा आकडा कसा वाचला असेल? विरोध करणाऱ्यांचं तिला नवल वाटलं नसेल. अडुसष्टांचा अर्थ लावत ती बसली असेल.

जे झालं ते गंगेला मिळालं, शिळ्या कढीला ऊत कशाला, असं तुमच्यातले सुज्ञ लोक म्हणतात. पुढे जायचं असेल तर मागचं झाकून ठेवावं. झाकल्यावर काय होतं, त्याची एक पुरी गोष्ट सांगते.

हर्झेगोविनात प्रेबिलोव्त्सी नावाचं सर्ब लोकांचं गाव होतं. ऑगस्ट १९४१ मध्ये उस्ताशांनी, म्हणजे नाझींच्या बाजूच्या क्रोएशियन राजवटीच्या माणसांनी, तिथल्या शेकडो बायका-मुलांना नेऊन एका खोल नैसर्गिक विवरात ढकललं. त्याच राजवटीच्या यासेनोव्हाच छावणीत पाऊण लाख ते एक लाख माणसं मारली गेली, त्यांत सर्वांत जास्त सर्ब. युद्धानंतर नवं युगोस्लाव्हिया आलं. घोषणा ‘बंधुता आणि ऐक्य’. कोणी कुणाला मारलं हे गावाच्या नावानिशी बोलणं घोषणेच्या आड येणारं. १९६१ मध्ये त्या विवराच्या तोंडावर काँक्रीट ओतलं. आत हाडं तशीच. वाचलेल्यांच्या घरी रात्री काय बोललं जात असेल ते बोललं जात राहिलं, दिवसा शाळेत बंधुता.

१९८९ मध्ये, सर्ब आणि तुर्क यांच्यातल्या कोसोवोच्या १३८९ च्या लढाईला ६०० वर्षं झाली. लढाईत पडलेल्या राजपुत्र लाझारचे अवशेष आधी सर्ब वस्तीच्या गावांतून फिरवले गेले, आणि २८ जूनला त्या मैदानावर अफाट गर्दीपुढे सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोसेविच बोलला. पुढे सशस्त्र लढायाही नाकारता येत नाहीत, असं त्यात होतं. १९९०-९१ मध्ये ते काँक्रीट फोडण्यात आलं. हाडं वर काढली, मोठ्या समारंभाने पुरली. शोक करायला त्या लोकांना पन्नास वर्षांनी परवानगी मिळाली होती, आणि ती ज्यांनी मिळवून दिली त्यांना शोक नको होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे याहून वेगळे नसतात. १९९२ मध्ये क्रोएशियन फौजांनी ती नवी स्मारकवास्तूही उडवली. मेलेल्यांनाही दुसऱ्यांदा मारायची सोय झाली.

मग ११ जुलै १९९५. स्रेब्रेनित्सात शिरलेला बोस्नियन सर्ब सेनेचा प्रमुख रातको म्लादिच कॅमेऱ्यासमोर म्हणतो की तुर्कांचा सूड घ्यायची वेळ आली आहे. समोर तुर्क नव्हतेच. त्याचीच भाषा बोलणारे, त्याच्यासारखेच दिसणारे बोस्नियाक होते. सायप्रसमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ वामिक वोल्कान अशा जखमेला ‘निवडलेला आघात’ म्हणतात. शोक पुरा न झालेली हार किंवा कत्तल समाज पुढच्या पिढीकडे काम म्हणून सोपवतो, आणि ती जागी झाली की मधली शतकं कोसळतात. सहाशे वर्षांपूर्वीचा शत्रू आणि समोरचा शेजारी एकच दिसू लागतात. मला यात भर घालायची आहे ती एवढीच की कोसोवोच्या लढाईला धार आली ती काँक्रीटखालच्या त्या खऱ्या, ताज्या हाडांमुळे. १९४१ चा हिशेब सरळ, नावानिशी, क्रोएशियन आणि सर्ब मुलांना एकाच पुस्तकातून शिकवला गेला असता, तर १३८९ ही इतिहासातली एक तारीख राहिली असती. निदान तिची शक्यता होती.

रवांडात १९९४ मध्ये हुतूंनी तुत्सींचा संहार केला, तिथेही हाच धागा दिसतो. शेजारच्या बुरुंडीत १९७२ मध्ये लाखाच्या वर हुतू मारले गेले, १९९३ मध्ये तिथला निवडून आलेला हुतू राष्ट्राध्यक्ष मारला गेला, आणि निर्वासितांचे लोंढे रवांडात आले. द्वेषाचा प्रचार करणाऱ्या रेडिओने ‘आता तुमची पाळी’ असं सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात भीतीला जागा तयारच होती. यातून मारणाऱ्यांचा गुन्हा तसूभर कमी होत नाही. ज्या भीतीची कुणी विचारपूस केली नाही, ती कुणीतरी वापरली, एवढंच दिसतं.

आज रवांडाच्या ओळखपत्रावर जात-वंश नाही, आणि ते उत्तमच. पण १९९६-९७ मध्ये काँगोच्या जंगलात ज्या हुतू निर्वासितांची माणसं मारली गेली, त्यांना रडायला सार्वजनिक जागा नाही. तुमच्याच संस्थेच्या २०१० च्या अहवालात त्या हत्यांची नोंद आहे. दोन्हींना एका तराजूत घालू नये, मी घालत नाही. पण रडण्याला तराजू लावता येत नाही. जे दिवसा रडता येत नाही ते रात्री मुलांना सांगितलं जातं, हे आपण प्रेबिलोव्त्सीत पाहिलं.

मारणाऱ्यांच्या मुलांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं मी बोलते. आम्ही मराठीत न भरणाऱ्या दुःखाला ‘अश्वत्थाम्याची जखम’ म्हणतो आणि ती नेहमी पीडिताच्या कपाळी लावतो. अश्वत्थामा कोण होता हे विसरतो. झोपलेल्यांना मारणारा, आणि नंतर गर्भातल्या शेवटच्या अंकुरावर अस्त्र सोडणारा. वंश संपवायला निघालेल्याच्या कपाळावर ती जखम आहे. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डान बार-ओन १९८५ पासून जर्मनीत जाऊन नाझींच्या मुलांना भेटले. त्यांना दोन भिंती दिसल्या. बापाने आपल्या कृत्यांभोवती एक बांधलेली, मुलाने आपल्या प्रश्नांभोवती दुसरी. कधीकाळी बापाने खिडकी उघडली, तर समोर मुलाची भिंत, आणि मुलाने उघडली तर बापाची. १९९२ मध्ये त्यांनी ही मुलं आणि छळछावण्यांतून वाचलेल्यांची मुलं एका खोलीत बसवली. त्या गटात क्षमा मागणं-देणं हा विषय नव्हता. एकमेकांच्या घरातली शांतता कशी होती, ते ती सांगत बसली. वाचलेल्यांच्या घरीही तीच दुहेरी भिंत निघाली.

नूरित श्नाबेल आणि एरी नाडलर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला कामात रोज पटते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘माझंही काही चालतं’ हे परत मिळायला हवं असतं. ज्याच्या बाजूने अन्याय झाला त्याला ‘आपण राक्षस नाही’ हे हवं असतं. दोघांच्या गरजा वेगळ्या, आणि दोन्ही पुरवणं समोरच्याच्याच हातात. नाकारणारा दुसऱ्या गरजेपोटी नाकारतो, आणि नाकारून पहिली चिरडतो. तुर्कस्तानात १९१५ च्या आर्मेनियन लोकांच्या संहाराबद्दल बोलणारा आर्मेनियन पत्रकार हरांत दिंक याला आधी ‘तुर्कत्वाचा अपमान’ केल्याबद्दल दोषी ठरवलं, मग १९ जानेवारी २००७ ला त्याच्याच कार्यालयाबाहेर गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेत लाखभर माणसं ‘आम्ही सगळे आर्मेनियन’ असे फलक घेऊन चालली, त्यांत बहुसंख्य तुर्क होते. शंभर वर्षांच्या नकारात असा एक दिवस. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने ताब्यात घेतलेल्या काराबाख प्रदेशातून काही दिवसांत लाखावर आर्मेनियन निघाले, तेव्हा घाटातल्या गाड्यांच्या रांगेत १९१५ बसलेलं होतं. जुनं कबूल झालं नसेल तर नवं कधीच फक्त नवं राहत नाही.

बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचा प्रश्न तुम्ही सगळ्यांनीच टाळलाय. याझिदींच्या धर्मगुरूंनी परत आलेल्या स्त्रियांना सामावून घेतलं, ही त्या समाजासाठी फार मोठी गोष्ट होती. पण एप्रिल २०१९ मध्ये मुलांचा प्रश्न आला, तेव्हा आधी दार उघडल्यासारखं झालं आणि काही दिवसांत मिटलं. आईने मूल निवडावं किंवा माणसं. समाजाला दोष देणं सोपं आहे. चौऱ्याहत्तर वेळा आपल्यावर ‘फर्मान’, म्हणजे कत्तलीचा हुकूम, निघालं असं मोजणारा तो समाज आहे, संपून जाण्याची भीती तिथे प्रत्येक निर्णयात बसलेली असते. पण इराकच्या कायद्यात बापाच्या धर्माची सक्ती नसती, त्या मुलांना आईच्या नावाने कागद मिळाले असते, तर निम्मी गाठ सुटली असती. हे सरकारचं काम होतं.

काय चालतं, हेही सांगायला हवं. रवांडातली गवतावरची न्यायालयं, गचाचा, २०१२ मध्ये संपली तोवर १९ लाखांवर प्रकरणं निकाली निघाली होती. कित्येकांना हाडं कुठे पुरली ते तिथेच कळलं. पण १,२०० रवांडावासियांच्या पाहणीत तिथे साक्ष दिलेल्यांमध्ये खिन्नता आणि आघाताची लक्षणं जास्त आढळली. बोललं की मोकळं होतं, हा आमच्या धंद्यातला भाबडा समज आहे. गावासमोर, मारेकऱ्याच्या भावांसमोर बोलून घरी एकटी परतलेली बाई मोकळी होत नाही. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायालयाने इथे शहाणपण दाखवलं. साक्षीदाराशेजारी स्थानिक संस्थेचा समुपदेशक बसायचा, आणि साक्ष लिहून, गावात वाचून दाखवून, विधीने त्या माणसाला सन्मानाने परत देण्याचा उपक्रम भरपाईचाच भाग मानला गेला.

आणि रेडिओ. ज्या माध्यमाने माणसं मारायला सांगितली, त्याच माध्यमावर २००४ पासून ‘मुसेकेवेया’ ही मालिका सुरू झाली, दोन टेकड्यांवरच्या दोन गावांच्या भांडणाची आणि प्रेमाची. वर्षभर ऐकलेल्यांची परीक्षा झाली तेव्हा लोकांची मतं फारशी बदललेली नव्हती. बदललं होतं ते दुसरंच: आपल्या लोकांत काय चालतं, काय बोललं तर खपतं, याबद्दलचा अंदाज. न पटलेलं उघड बोलून दाखवायला लोक जास्त धजावत होते. मनं जुळवण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. शेजाऱ्याचं मन बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. जमाव उठतो तेव्हा ‘हे मला पटत नाही’ म्हणणारा एक जण पुरतो कधीकधी.

माझं मागणं थोडक्यात असं. करारालाच हात लावायला तुम्ही तयार होणार नाही, म्हणून पुरवणी करा. वाचलेल्याने इजा सिद्ध करायची ही पद्धत बंद करा, १९६५ सारखं गृहीत धरा. बेपत्तांची ओळख पटवणाऱ्या प्रयोगशाळांचा पैसा खटले संपले म्हणून आटू देऊ नका, कारण आईचं वाट पाहणं खटल्याबरोबर संपत नाही. कंबोडियातल्या खटल्यांवर ३० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला आणि शिक्षा झाली तिघांना. मी तो वाया गेला म्हणत नाही, पण प्रत्येक खटल्याच्या अंदाजपत्रकात त्यानंतरच्या तीस वर्षांचा, त्या लोकांच्या भाषेत बोलणाऱ्या समुपदेशकांचा रकाना आधीच लिहा. पाठ्यपुस्तकात आपल्या लोकांनी मारलेल्यांची नावं, आपल्या मारलेल्यांच्या नावांइतक्याच टाइपात. आणि तटस्थ राहायचं झालं, तर का राहिलो ते त्या बायकांना त्यांच्या भाषेत लिहून कळवा.

आपली,
एक समुपदेशक

ता.क. क्रस्तिच निकालातले ते परिच्छेद फार लांब नाहीत. अधिवेशनाच्या सुरुवातीला तुम्ही एक मिनिट मौन पाळता, तेवढ्या वेळात निम्मे वाचून होतात.